बदनाम कुत्र्यांचे धनी



या व्याख्यानमालेत सहकारावर बोललं गेलं, पाण्यावर बोललं गेलं, संतांवर तर दरवर्षीच बोललं जातं. यंदाच्या पत्रिकेत 'कुत्रा' हा शब्द छापलेला पाहून काही जुन्या श्रोत्यांनी संयोजकांना विचारलं म्हणे, विषय संपले का? विषय संपलेले नाहीत. कुत्र्यांच्या रोगांबद्दल किंवा शरीराबद्दल ऐकायचं असेल तर पशुवैद्यकाला बोलवावं. मी आज बोलणार आहे ते त्यांच्या धन्यांबद्दल, आणि त्यातही अशा धन्यांबद्दल, ज्यांना चांगल्या नावाचा कुत्रा चालत नाही.

आपल्या संगमनेरच्या नव्या वसाहतींत फिरा, नगरला सावेडीत फिरा, राहुरी-श्रीरामपूरच्या बाजूला रस्त्यालगतचे बंगले पाहा. फाटकावर पाटी असते: 'कुत्र्यापासून सावध रहा'. पाटीवर जबडा उघडलेल्या रॉटवायलरचं चित्र आणि आत पायपुसण्यावर झोपलेलं पांढरं पॉमेरियन, असंही दिसतं. काही घरांत तर कुत्राच नसतो, नुसतीच पाटी. मला ती पाटी फार प्रामाणिक वाटते. घरमालकाला नेमकं काय हवंय, हे ती सांगून टाकते. त्याला कुत्रा मिळाला तर हवाच आहे, पण त्याआधी त्याला हवी आहे ती कुत्र्याची दहशत.

आता प्रश्न असा, की ज्याचं नाव काढताच शेजारीण पोराला उचलून आत नेते, ज्याच्यावरून सोसायटीत अर्ज होतात, ज्याच्यावर सरकार बंदीचं पत्रक काढतं, तोच कुत्रा माणूस पदरचे पैसे मोजून मुद्दाम का आणतो? वाईट नाव असूनही आणतो, असं आपण समजतो. मला उलट वाटतं. या सौद्यात वाईट नाव हा तोटा नाही, तोच माल आहे. पिटबुल विकत घेणारा माणूस कुत्र्यासोबत कुत्र्याची कीर्ती घरी आणतो आणि बहुतेक वेळा किंमत त्या कीर्तीचीच असते. भिंतीवरची पाटी त्याला चालती, भुंकती करून हवी असते.

हे एवढं म्हणून मी खाली बसलो तर ते वस्तीवर राहणाऱ्या माणसावर अन्याय केल्यासारखं होईल. म्हणून आधी भीतीबद्दल बोलू.

आपल्या जिल्ह्यातली भीती खोटी नाही. इथं माणूस गावठाणात कमी आणि वस्तीवर जास्त राहतो. चार-पाच एकरांच्या मध्ये घर, बाजूला गोठा, भोवती ऊस. शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते, म्हणून पाणी द्यायला रात्री बाहेर पडावं लागतं. २००१ साली पाथर्डी तालुक्यात कोठेवाडीला दरोडेखोरांनी जे केलं ते आठवणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. त्यानंतर कित्येक वर्षं वस्त्यांवर माणसं पाळीनं जागी राहत होती. अशा ठिकाणी पाहुणा बांधावरून ओरडून विचारतो, "ओ, कुत्रं बांधलंय का?" आणि आतून 'हो' आल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नाही. तो प्रश्न विचारला जावा, एवढ्यासाठीच वस्तीवाल्यानं कुत्रं पाळलेलं असतं. यात मला काही वावगं दिसत नाही.

आणि मग बिबट्या. अकोले, संगमनेर, राहुरी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात उसात बिबट्या जन्मतो आणि उसातच मोठा होतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. त्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर वाचला गेला: चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ४.८ मोठे बिबटे. जंगल नाही, हरणं नाहीत, आणि तरी एवढे बिबटे. मग ते खातात काय? त्याच चमूनं बिबट्यांची विष्ठा तपासली. वजनाच्या हिशेबात बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा गावातल्या जनावरांचा निघाला आणि त्यात पहिला नंबर कुत्र्याचा, ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त, पण शेळ्यांचा वाटा अकरा टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे अकोल्याच्या बिबट्याचं मुख्य अन्न कुत्रा आहे.

हे समजून घेतलं की एक गंमत लक्षात येते. गंमत म्हणतो, पण ती क्रूर आहे. 'बिबट्याचा त्रास आहे म्हणून तगडं कुत्रं आणलं' असं सांगणारी माणसं मला वस्त्यांवर भेटतात. कुत्रं तगडं असतं, महागाचं असतं, आणि रात्री साखळीला असतं. बिबट्या समोरून येऊन कुस्तीचा सलामीचा हात देत नाही. तो उसातून दबकत येतो आणि थेट गळ्याला धरतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, वळताही येत नाही. मग तो पिटबुल असो की गावठी. बिबट्यानं जातीचं नाव वाचलेलं नसतं! कुत्र्याच्या वाईट नावाचा उपयोग फक्त माणसावर होतो, कारण नाव माणसालाच कळतं. बिबट्याची सबब सांगून आणलेला कुत्रा प्रत्यक्षात बांधाला बांध असलेल्या भावकीवर पहारा करत असतो.

आपल्या जिल्ह्यात उग्र कुत्र्याचा खरा, जुना आणि कामाचा वापर कुणी केला असेल तर तो धनगरांनी. पारनेर, कर्जत, जामखेडच्या माळावर मेंढ्यांचा वाडा बसला की रात्री त्याच्या जवळ जाऊन पाहा. जाऊ नका, खरं तर. शेजारून जाणारी फटफटीसुद्धा तिथं वेग वाढवते. धनगराची कुत्री लांडग्याशी झुंजलेली असतात आणि त्यांचं नाव पंचक्रोशीत वाईटच असतं. पण ती सुटी असतात, एकाहून जास्त असतात, कळपातच वाढतात आणि त्यांच्याजवळ चोवीस तास माणूस असतो. दिवसा त्याच कुत्र्यांच्या अंगावर धनगराची लहान पोरं लोळत असतात. कुत्र्याच्या रागाला तिथं काम आहे, वेळ आहे आणि हद्द आहे. बंगल्याच्या पार्किंगमध्ये मोटारीच्या शेजारी बांधलेल्या कुत्र्याच्या रागाला यातलं काय आहे?

थोडं पुढचं आत्ताच सांगून टाकतो. २०२४ साली केंद्र सरकारनं ज्या तेवीस 'हिंस्र' जातींची यादी काढली, त्या यादीत कांगल आणि अकबाश आहेत, टॉर्न्याक आणि शारप्लानिनाक आहेत. ही कोण मंडळी? पहिली दोन तुर्कस्तानातल्या मेंढपाळांची, पुढची दोन बाल्कन डोंगरांतल्या मेंढपाळांची. सगळी धनगरी कुत्री! आपापल्या माळावर लांडग्यापासून मेंढरं राखणारी. ती वाईट कधी झाली? माळावरून उचलून शहरात आणल्यावर.

आता दुसरा मुद्दा: वाईट नाव एका जातीकडं कायमचं राहत नाही, ते फिरतं. पन्नाशीच्या पुढच्या श्रोत्यांना आठवेल, आपल्या लहानपणी भीती अल्सेशियनची होती. कलेक्टरच्या बंगल्यावर, पोलिसांकडं, आणि गावात एखाद्या डॉक्टरकडं. हा अल्सेशियन म्हणजे मुळात जर्मनीतला मेंढ्या राखणारा कुत्रा. १८९९ पासून एका घोडदळातल्या अधिकाऱ्यानं त्याची पद्धतशीर पैदास सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी त्याच्या नावातला 'जर्मन' काढून टाकला. ऑस्ट्रेलियानं १९२९ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली आणि ती चाळीस वर्षांहून जास्त टिकली. कारण काय? तो रानटी कुत्र्यांशी संकर करील आणि मेंढ्या फाडील. मेंढपाळाच्या कुत्र्यावर मेंढ्यांच्या नावानं बंदी! आज तोच अल्सेशियन पोलिसांच्या परेडमध्ये पाहून पोरं टाळ्या वाजवतात.

मग आला डोबरमन. जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या करवसुली करणाऱ्या एका माणसानं आपल्या धंद्याला सोबत म्हणून तो तयार केला, असं सांगतात. करवसुलीला कुत्रा का लागतो, हे नगरपरिषदेच्या माणसांना विचारा. आपल्याकडं डोबरमन हिंदी सिनेमातून आला. खलनायकाच्या बंगल्यावर दोन डोबरमन साखळी ताणून उभे, आणि पायऱ्यांवर रेशमी गाऊन घातलेला मालक. १९८५ च्या 'तेरी मेहरबानियाँ'त कुत्रा नायकाच्या बाजूचा होता, पण बंगला बांधणाऱ्याच्या मनात ठसला तो खलनायकाचाच कुत्रा. डोबरमन ओसरला तसा रॉटवायलर आला. तो रॉटवाइल गावच्या खाटकांचा. गुरं हाकायचा आणि गाडी ओढायचा. १९९० च्या दशकात अमेरिकेत तो नोंदणीमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि नंतर थोड्याच वर्षांत झपाट्यानं घसरला. त्याच्या स्वभावात त्या दहा वर्षांत काय फरक पडला असेल? काही नाही. लोकांची नजर दुसरीकडं वळली. आज ती पिटबुलवर आहे. इंग्लंडमध्ये बैलावर कुत्रे सोडायचा खेळ १८३५ साली कायद्यानं बंद झाला आणि शौकिनांनी कुत्र्याला कुत्र्याशी झुंजवायला सुरुवात केली, त्या खेळातून हा वंश निघाला.

म्हणजे प्रत्येक पिढी आपला एक बदनाम कुत्रा निवडते. भीती जुनीच असते, तिला दर वीस-तीस वर्षांनी नवा जबडा लागतो.

आता निवडणाऱ्यांकडं वळू. हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा वाटतो, म्हणून इथं थोडा रेंगाळणार आहे.

पहिली मंडळी प्रदर्शनाची. यांना आपण सगळे ओळखतो. काळी स्कॉर्पिओ, काळा चष्मा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भाऊ'च्या पायाशी बसलेला कान कापलेला कुत्रा. कुत्र्याचं नाव टायगर, रॉकी नाहीतर सुलतान. इस्रायलच्या आमोत्झ झहावी या जीवशास्त्रज्ञानं १९७५ साली एक कल्पना मांडली. शिकारी दिसताच काही हरणं पळायचं सोडून जागच्या जागी उंच उड्या मारतात. आपल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांच्या अशा उड्या पाहता येतात. झहावीचं म्हणणं, ती उडी सांगत असते की माझ्या अंगात एवढी ताकद आहे की मला ती वाया घालवणं परवडतं. जी खूण महाग आणि धोक्याची असते तिच्यावरच समोरचा विश्वास ठेवतो. धोकादायक कुत्रा ही तशीच खूण आहे. पॉमेरियन कुणीही पाळील. ज्याला सगळे घाबरतात त्याला मी दोरीनं धरून बाजारातून नेतो, याचा अर्थ बाजारानं समजून घ्यायचा.

पण मित्रांनो, एवढ्यावर थांबलो तर आपण फक्त टिंगल केली असं होईल. या भाऊंशी कधी निवांत बोला. पाचव्या मिनिटाला एक वाक्य येतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. "तो फक्त माझंच ऐकतो." दुसऱ्या कुणी हात लावला तर गुरगुरतो, आई वाढते ते खात नाही, पण माझी गाडी लांबून ओळखतो. या वाक्यात सगळं आलं. जगाला जो फाडून खाईल तो माझ्यापुढं शेपूट हलवतो, यात जी धुंदी आहे ती गरीब कुत्र्याच्या प्रेमात नाही. गरीब कुत्रा पोस्टमनपुढंही शेपूट हलवतो. त्याच्या प्रेमाचं मोल काय? ज्या तरुणाचं घरी वडील ऐकत नाहीत, सोसायटीचा सचिव ऐकत नाही, बँक ऐकत नाही, भावानं दुसरीकडं संसार मांडलाय, त्याचं एक प्राणी ऐकतो. आणि तोही दुसऱ्या कुणाचंच न ऐकणारा. त्या तरुणाला हसण्याआधी आपल्या गावानं त्याचं काय ऐकलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो.

ऐकण्याचंच म्हणाल, तर खंडोबाचा जिल्हा आहे हा. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठणच्या यात्रेला आपल्यातले पुष्कळ जण जातात. खंडोबाच्या घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. दत्ताच्या तसबिरीत तर चार असतात. आणि खंडोबाचे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणवून घेतात; कोटंबा घेऊन वारी मागतात, पूर्वी काही जण देवापुढं भुंकतही असत. कुत्रा होण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारण तिथं कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं होतं. तिथं माणूस कुत्रा होऊन देवाचं ऐकतो. आपला भाऊ कुत्रा पाळून स्वतः देव होतो. आपल्याच भाषेत 'कुत्र्या' ही शिवीही आहे, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी मंडळी याच्या अगदी उलट. यांना बदनामाची कणव असते. सगळे वाईट म्हणतात ना, मग मीच घेतो. यात बहुतेक तरुण मुली, शिक्षिका, पशुवैद्यक महाविद्यालयातले विद्यार्थी. कुणाच्या तरी फार्महाऊसवर उपाशी ठेवलेला, विहिरीजवळ सोडून दिलेला कुत्रा हे घरी आणतात. अमेरिकेत पिटबुल पाळणाऱ्यांशी बोलून काही समाजशास्त्रज्ञांनी २००० साली एक लेख लिहिला होता. बदनाम जनावराचा धनी बदनामी कशी पेलतो, हे त्यात आहे. कुणी कुत्र्याची जात लपवतो आणि दुसरीच सांगतो. कुणी विनोदावर नेतो. कुणी टोकदार खिळ्यांचा पट्टा न घालता त्याला मुद्दाम रंगीत रुमाल बांधतो. कुणी सारखा सांगत सुटतो की आमचा बाळाच्या पाळण्याखाली झोपतो. यातलं एकेक मी आपल्याकडं पाहिलेलं आहे. आपला तो बाब्या, हे तर आपण फार आधी म्हणून ठेवलंय.

ही मंडळी मला आवडतात. पण त्यांनाही एक सांगायला हवं. तुमच्या निवडीतही त्या वाईट नावाचाच वाटा आहे. कुत्रा बदनाम नसता तर तुम्ही त्याच्याकडं वळून पाहिलं असतं का? नगरपालिकेच्या कचराकुंडीजवळ खरूज झालेलं गावठी पिल्लू रोज दिसतं. त्याला नाव नाही, वाईटसुद्धा नाही, म्हणून त्याला धनी नाही.

तिसरी मंडळी कसलीच निवड न करणारी. मित्रानं पिल्लू दिलं, गोड दिसलं, घेतलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते, एवढंच शिक्षण. संख्येनं बहुधा हेच जास्त असतील आणि अपघातही यांच्याच घरी होतात. यांच्याबद्दल बोलण्यासारखं फार नाही, कारण त्यांनीही फार विचार केलेला नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं माणसांचं झालं, पण जातीत काही असतं की नाही? आपल्या म्हणीच दोन बाजूंच्या आहेत. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, ही म्हण म्हणते की सगळं रक्तात. भुंकणारा कुत्रा चावत नाही, ही म्हण म्हणते की नुसत्या दिखाव्यावर जाऊ नका. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. बाकी सगळं त्या त्या कुत्र्याचं आणि त्याच्या वाढीचं.

हा आकडा पिटबुलवाले फार आनंदानं सांगतात. त्यांनी तो सांगावा, पण सोबत दुसरी गोष्टही सांगावी. पॉमेरियन चिडलं तर पोटरीला टाके पडतात. चाळीस किलोचा कुत्रा चिडला तर माणूस मरू शकतो. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घरच्याच पिटबुलनं घेतला. मे २०२४ मध्ये चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केलं. त्या घरांसमोर नऊ टक्क्यांचा हिशेब मांडायला कुणी जाऊ नये. स्वभाव जातीवर फारसा ठरत नसला तरी एखाद्या चुकीची किंमत जातीवर ठरते. जबडा मोठा, तशी धन्याची जबाबदारी मोठी. एवढं साधं आहे हे.

पण बदनाम कुत्र्याच्या बाबतीत ही जबाबदारी बहुतेक वेळा कुणाच्या हातात जाते? अमेरिकेच्या ओहायो राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की धोकादायक ठरवलेले कुत्रे नोंद न करता पाळणाऱ्यांच्या नावावर न्यायालयात गेलेले गुन्हे इतरांपेक्षा बरेच जास्त होते. प्रत्येक धन्याला हे लागू नाही, उघड आहे. पण पाहा कसं चक्र फिरतं. कुत्र्याचं नाव वाईट, म्हणून त्याला वाईट नाव हवं असलेला गिऱ्हाईक मिळतो. गिऱ्हाईक आहे म्हणून पैदास करणारा शांत पिल्लं मागं ठेवतो आणि रागीट पुढं आणतो; दोन महिन्यांचं होण्याआधी पिल्लू विकायचं नाही असा २०१७ चा नियम आहे, तो कोण पाहतो? मग रुबाबासाठी कान कापायचे, साखळीला बांधायचं, कुणाशी ओळख होऊ द्यायची नाही, 'मऊ पडेल' म्हणून पोरांना हात लावू द्यायचा नाही. वर्षभरात कुत्रा खरोखर त्याच्या कीर्तीला शोभेल असा होतो. मग तो चावतो, वर्तमानपत्रात येतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बातमीच जाहिरात होते. कीर्तीच कुत्रा घडवत जाते.

आता कायदा. इथं मी भराभर जाणार आहे, कारण कायद्यानं स्वतःही फार भराभर काम केलं. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्रक पाठवलं: तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद, आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी. यादीत टेरियर आणि मॅस्टिफ ही अख्खी कुळं घातली होती. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं पत्रक रद्द केलं, १६ एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयानं. दिल्लीतला मुख्य आक्षेप असा, की ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकलं नाही. महिना-सव्वा महिन्यात सगळं आटोपलं. पण त्या काळात यादीचा एक उपयोग मात्र झाला: ज्यांना कांगल किंवा केन कोर्सो ही नावंही ठाऊक नव्हती, त्यांच्या हातात खरेदीची यादी पडली.

ब्रिटननं १९९१ मध्ये कायदा करून चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. पिटबुल त्यात पहिला. पुढं काय झालं? त्याच गोतातला, पण अंगानं आणखी थोराड असा एक्सएल बुली यादीबाहेर वाढला. शेवटी इंग्लंड आणि वेल्समध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणंही गुन्हा झालं. ज्याला वाईट नाव हवंय त्याला बंदी म्हणजे सरकारी शिक्का मारून दिलेलं वाईट नाव. तुम्ही एक जात बंद करा, तो दुसरी शोधील. यादी नेहमी मागं राहणार.

मग करायचं काय? नवा कायदा मागण्याआधी आहे तो उघडून पाहू. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं, की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कलमात एकाही जातीचं नाव नाही. जुन्या दंडविधानातही असं कलम होतंच. त्याखाली मुंबईत एका रॉटवायलरच्या धन्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. कुत्रा चावला होता २०१० साली, निकाल लागला २०२३ साली. कायदा आहे, पण त्याला पोचायला तेरा वर्षं लागतात. या तेरा वर्षांची लाज आपल्याला वाटायला हवी. यादीत तेवीसच्या ऐवजी तीस नावं घालून ती जाणार नाही.

आता मागणी सांगतो आणि थांबतो. या सभागृहात ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे, त्यांनी दिवसभराची साखळी काढावी. रोज त्याला फिरायला न्यावं. रस्त्यावर पट्टा आणि मुसकी असावी, आणि दोरी हातात देताना ती पोराला झेपेल का हे पाहावं. शेजारच्या घराशी त्याची ओळख करून द्यावी. 'फक्त माझंच ऐकतो' हे कौतुक आता बंद करावं. घरातल्या आणखी दोघांचं तरी त्यानं ऐकलं पाहिजे. वस्तीवाल्यांनी रात्री कुत्रं उघड्यावर बांधू नये, बंद गोठ्यात घ्यावं. भुंकायला ते तिथूनही भुंकतं.

आणि आपल्या नगरपरिषदेकडं, तालुक्यातल्या ग्रामपंचायतींकडं एक मागणी. येत्या ग्रामसभांमध्ये ठराव करून पाळीव कुत्र्यांची वही घाला. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या दिवशी लस टोचायची आणि तिथंच नोंद करायची, गावठी असो की विलायती. त्या वहीत पहिला रकाना धन्याच्या नावाचा ठेवा, दुसरा लशीच्या तारखेचा, तिसरा कुणाला चावला असेल तर त्याचा. जातीचा रकाना नसला तरी चालेल.